विश्लेषण : ना सेल, ना रोजची चावी; ऑटोमॅटिक घड्याळ चालते कशावर?

शहाद्यात काय किंवा खानदेशातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, जुने कपाट आवरताना वडिलांचे नाहीतर आजोबांचे एचएमटी किंवा सेइको घड्याळ हाती लागते. लग्नात नवरदेवाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ मिळायचे, त्या काळातले. हलवले की काटा दोन मिनिटे फिरतो आणि थांबतो. सेल बदलायला दुकानात नेले, तर यात सेलच नसतो असे कळते. असे घड्याळ बिघडलेलेच असते असे नाही. ते भंगारात देण्याआधी, किंवा मोबाइलवर ‘ओरिजिनल व्हिंटेज’ म्हणून दिसणारे तसलेच विकत घेण्याआधी, त्याच्या आत काय चालते ते पाहू.

हातामुळे घड्याळ कसे चालते?

मागचे झाकण उघडले की अर्ध्या चकतीसारखे एक जड वजन दिसते. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की त्याची जड बाजू खाली येऊ पाहते आणि तो फिरतो. घड्याळ कानाशी धरून हलवल्यावर येणारी घरघर त्याचीच. रोटरला जोडलेली चाके ही गती कमी करतात, जोर वाढवतात आणि डबीतली मुख्य स्प्रिंग थोडी थोडी गुंडाळत जातात. गुंडाळलेली स्प्रिंग उलटी सुटू नये म्हणून खटका असतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत दिवसभर पायी हिंडलेल्या माणसाचे घड्याळ चांगले भरते, दुकानात गल्ल्यावर बसून राहणाऱ्याचे कमी. पूर्ण भरलेली स्प्रिंग साधारण ४० तास पुरते. शनिवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी दुपारी थांबले, तर ती तक्रार नव्हे. हात फार हलला म्हणून स्प्रिंग तुटेल ही भीतीही नको. तिचे बाहेरचे टोक डबीला पक्के जोडलेले नसते, नुसते दाबून बसलेले असते. स्प्रिंग भरली की ते टोक भिंतीवरून घसरते.

मग ही ताकद एकदम सुटत का नाही? कारण वाटेत बॅलन्स व्हील बसलेले असते. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर ते चाक पुढे-मागे झुलते आणि प्रत्येक झोक्याला चाकांच्या साखळीला फक्त एक दात पुढे जाऊ देते. टिकटिक ऐकू येते ती इथली. अनेक घड्याळांत तासाला २१ हजार ६०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला सहा. त्यामुळेच सेकंदकाटा सेलच्या घड्याळासारखा उड्या मारत नाही, सरकत जातो. दिवसाला २० सेकंदांचा फरक मोठा वाटतो, पण तो ८६ हजार ४०० सेकंदांमधला आहे. घड्याळ अचानक फार पुढे पळू लागले, तर मोबाइलच्या स्पीकरवर किंवा चुंबकाच्या कव्हरवर ते ठेवले होते का, ते आठवावे. चुंबकत्वाने बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. कारागीर ते यंत्राने काही सेकंदांत काढून देतो.

धुळीचा यात काय संबंध?

खानदेशातल्या वाचकाला हे आवडेल. जॉन हारवूड या ब्रिटिश कारागिराने १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर धूळ आणि ओल होती. चावीच्या भोकातून ती आत जाऊन घड्याळे बिघडतात, हे त्याने दुरुस्ती करताना पाहिले होते. त्याच्या घड्याळात वजन पूर्ण फिरत नसे, दोन्हीकडे आपटून परत येई. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये रूढ केला.

भारतात एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरुत घड्याळे बनवायला सुरुवात केली. ‘जनता’ला रोज चावी द्यावी लागे. ‘कांचन’ ऑटोमॅटिक होते आणि जावयाला देण्यासाठी त्याला मोठी मागणी असे. २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आता दुरुस्तीसाठी सुटे भाग बहुतेक वेळा दुसऱ्या जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात.

विकत घेताना काय पाहावे?

इथेच ‘मुंबई स्पेशल’चा धंदा चालतो. जगभरचे संग्राहक याच नावाने ओळखतात अशी ही घड्याळे, मशीन जुने, पण डायल नव्याने रंगवून छापलेली. कंपनीने कधीच न काढलेले भडक रंग, फाटलेली किंवा जाडसर अक्षरे, झिजलेल्या केसवर चकचकीत डायल, या खुणा दिसल्या की सावध व्हावे. विक्रेत्याकडे उघड्या मशीनचा फोटो मागावा. रंगवलेले घड्याळ रंगवलेले म्हणून स्वस्तात विकले तर त्यात गैर काही नाही, पण ‘ओरिजिनल’ म्हणून दुप्पट किंमत लावणे ही फसवणूकच.

घरातले घड्याळ वर्षानुवर्षे पडून असेल, तर आतले तेल वाळलेले असते. तसेच हलवून चालवत राहिले तर चाकांचे टोकदार आस झिजतात. आधी सर्व्हिसिंग करून घ्यावे. जुन्या सेइको ५ मध्ये हाताने चावी देण्याची सोयच नसते, तेव्हा मुकुट पिरगाळत बसू नये. तारीख झटपट बदलायची असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन ही वेळ टाळावी, कारण त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत अडकलेली असतात. आणि कारागिराच्या हाती घड्याळ देतानाच सांगून ठेवावे : डायल पिवळी पडली असली तरी रंगवायची नाही.