पोल्सन, केव्हिन
(३० नोव्हेंबर १९६५ – ). अमेरिकन पत्रकार व पूर्वाश्रमीचे हॅकर, म्हणजे परकीय संगणकप्रणालीत अनधिकृत शिरकाव करणारे. त्यांचा जन्म पॅसाडीना (कॅलिफोर्निया) येथे झाला. ‘डार्क दान्ते’ या टोपणनावाने ते ओळखले जात. काही काळ त्यांनी एसआरआय इंटरनॅशनल या संशोधनसंस्थेत नोकरी केली.

पोल्सन यांचा खरा ओढा दूरध्वनी यंत्रणेकडे होता. दूरध्वनी केंद्रे संगणकनियंत्रित झाल्यावर कोणती जोडणी कोठे जावी, हे प्रणालीला दिलेल्या आज्ञांवर ठरू लागले. त्या आज्ञा ज्याला देता येत, त्याला तारेस हात न लावता मार्ग वळविता येई. १९९० मध्ये लॉस अँजेल्सच्या केआयआयएस-एफएम या नभोवाणी केंद्राने १०२ वा दूरध्वनी करणाऱ्यास पोर्श मोटारगाडी देऊ केली. पोल्सन यांनी केंद्राकडे जाणाऱ्या दूरध्वनी वाहिन्या ताब्यात घेऊन ती पटकावली. हा किस्सा आता कौतुकाने सांगितला जातो. इतर श्रोत्यांची मात्र ती उघड फसवणूक होती. दीर्घकाळ फरारी राहिल्यावर एप्रिल १९९१ मध्ये त्यांना अटक झाली. १९९४ मध्ये त्यांनी गुन्हे कबूल केले. त्यांना ५१ महिन्यांचा कारावास व सु. ५६,००० डॉलर भरपाई अशी शिक्षा झाली. १९९६ मध्ये सुटल्यावर तीन वर्षे संगणक व आंतरजाल वापरण्यास त्यांना मनाई होती. (भारतात अशा शिरकावास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.)

२००० पासून सिक्युरिटीफोकस या वृत्तसंस्थेत आणि २००५ पासून वायर्ड न्यूजमध्ये त्यांनी काम केले. यंत्रणा कोठे कच्ची असते याची जाण त्यांच्या वार्तांकनात उपयोगी पडली. २००३ मध्ये स्लॅमर या संगणक-कृमीने ओहायओतील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राची सुरक्षा-निरीक्षण प्रणाली सु. पाच तास बंद पाडल्याचे त्यांनी उघड केले. अणुभट्टी त्या वेळी बंद होती. २००६ मध्ये लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी नोंदी मायस्पेसच्या सदस्यसूचीशी ताडून पाहण्यासाठी त्यांनी स्वतः आज्ञावली लिहिली व ७४४ जण शोधून काढले. संगणकीय गुन्हेगारीवरील किंगपिन (२०११) हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

त्यांच्यावर सर्वांत तीव्र टीका झाली ती २०१० मध्ये. अमेरिकन सैन्याची गोपनीय कागदपत्रे विकिलीक्सला देणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांच्या अटकेची बातमी पोल्सन यांनी सहकाऱ्यासह प्रथम दिली. मॅनिंग यांची माहिती अधिकाऱ्यांना देणारे एड्रिअन लॅमो हेही पूर्वीचे हॅकर असून पोल्सन त्यांच्याविषयी अनेक वर्षे लिहीत आले होते. दोघांतील संभाषणाचा मोठा भाग वायर्डने जुलै २०११ पर्यंत रोखून धरला. खाजगी मजकूर जपण्यासाठी तसे केल्याचा खुलासा करण्यात आला. तो सर्वांना पटला नाही.

पुढे आरोन स्वॉर्ट्झ यांच्याबरोबर त्यांनी नाव न उघडता पत्रकारांकडे कागदपत्रे पोहोचविण्याची प्रणाली तयार केली. स्वॉर्ट्झ यांच्या मृत्यूनंतर मे २०१३ मध्ये द न्यूयॉर्कर या साप्ताहिकाने ती प्रथम वापरात आणली. त्याच वर्षी फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनने तिची जबाबदारी घेतली आणि तिला सिक्युअरड्रॉप हे नाव मिळाले.