मनगटाची दुसरी बाजू

मुक्ताईनगर तालुक्यात मनगट मोडायला कारणांचा तोटा नाही. पावसाळ्यात केळीच्या बागेत चिखल, पायाखाली सडकी पाने आणि खांद्यावर वीस-पंचवीस किलोचा घड. पाय सरकला की माणूस घड सोडून तळहात जमिनीवर टेकवतो. दिवाळीच्या तोंडावर स्टुलावर चढून जळमटे काढणाऱ्या बायका, न्हाणीत घसरणाऱ्या आजीबाई, महामार्गावर दुचाकीवरून फेकले जाणारे तरुण, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरची वाट धरलेले वारकरी, सगळे पडतात तेव्हा हात आधी पुढे जातो. डिझेल इंजिनाची गोष्ट जरा निराळी. हँडल मारताना इंजिन उलट फिरले की झटका थेट मनगटात बसतो आणि रेडियस या हाडाचे अंगठ्याकडचे टोक तुटते. मोटारी हँडल मारून सुरू करायच्या काळात पाश्चात्त्य देशांतल्या ड्रायव्हरांचे हाड असेच तुटायचे, म्हणून डॉक्टर आजही त्याला ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. मोटारींचे हँडल केव्हाच गेले. तापी-पूर्णेच्या काठच्या एखाद्या मळ्यात इंजिनाचे मात्र अजून सापडेल.

मनगट सुजले की घरातला पहिला सल्ला ‘फोटो काढून या’ असा असतो. ही सवय चांगली आहे. तक्रार आहे ती फोटो काढल्यावर पुढे काय होते याबद्दल.

मनगटाची सर्वांत नेहमीची मोड डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये वर्णन केली, तेव्हा एक्स-रे नव्हता. बोटांनी चाचपून आणि हाताचा आकार पाहून त्यांनी सांगितले की हाड सांध्याच्या थोडे वर तुटते आणि पुढचा तुकडा मागे सरकतो. त्यानंतर 81 वर्षांनी, 8 नोव्हेंबर 1895 रोजी, भौतिकशास्त्रज्ञ रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला, तो जगभर गाजला. 3 फेब्रुवारी 1896 रोजी अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये बर्फावर घसरून पडलेल्या एडी मॅकार्थी या 14 वर्षांच्या मुलाचा हात नळीखाली वीस मिनिटे धरून ठेवला आणि मनगटाजवळची मोड काचेवर उमटली. रुग्णाच्या निदानासाठी काढलेला अमेरिकेतला पहिला एक्स-रे म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे या तंत्राची सुरुवातच हाता-मनगटापासून झाली. आज त्याच कामाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. भीतीचेही कारण नाही. मनगटाच्या एका फोटोतून मिळणारा किरणोत्सर्ग आपण घरबसल्या निसर्गाकडून तीन-चार तासांत घेतो तेवढाच असतो.

मग निदान चुकते कुठे? बहुतेक वेळा एका बाजूच्या फोटोत. हात टेबलावर पालथा ठेवून समोरून फोटो घेतला की रेडियस आणि अल्ना ही दोन लांब हाडे आणि मनगटाची आठ छोटी हाडे दिसतात. ती एकमेकांवर चढलेली असतात, कोणते पुढे नि कोणते मागे ते कळत नाही. हात कडेवर उभा करून घेतलेला फोटो ते सांगतो. निरोगी मनगटात रेडियसचा सांध्याकडचा पृष्ठभाग तळहाताच्या दिशेने सुमारे 11 अंश झुकलेला असतो. कॉलिसच्या मोडीत तो उलट, हाताच्या पाठीकडे कलतो. समोरच्या फोटोत बारीक चीर वाटणारी मोड बाजूच्या फोटोत चांगलीच वाकलेली निघते, आणि प्लास्टर पुरे की तारा किंवा प्लेट घालायची हे त्यावरच ठरते. मधले ल्युनेट हाड जागेवरून निसटले असेल तर तेही बाजूच्या फोटोत स्पष्ट दिसते. कलंडलेल्या कपासारखे, असे पुस्तकात लिहिलेले असते. समोरच्या फोटोत ते नजरेतून सहज सुटते आणि रुग्ण बोटांना मुंग्या येतात म्हणत महिनोन्महिने फिरत राहतो. एका फोटोवर मनगट ‘नॉर्मल’ ठरवणे हा माझ्या मते निष्काळजीपणा आहे, मग तो घाईतून होवो की दुसऱ्या फिल्मचे पैसे वाचवण्यापोटी.

दोन्ही बाजूंनी फोटो काढूनही चकवणारे एक हाड आहे, स्कॅफॉइड. ते कुठे असते हे वाचकाला स्वतःच्या हातावर पाहता येईल. अंगठा वर ताणा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताठ शिरांच्या मध्ये खळगा पडतो. पूर्वी युरोपात तपकिरीची चिमूट तिथे ठेवून ओढत. पडल्यानंतर त्या खळग्यात बोट दाबल्यावर कळ आली तर फोटो स्वच्छ असला तरी स्कॅफॉइड मोडल्याचा संशय धरायचा, हा अस्थिरोगतज्ज्ञांचा जुना नियम. कारण पहिल्या दिवशीच्या फोटोत ही मोड दहापैकी एक-दोन जणांत दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी तुटीच्या कडा थोड्या झिजतात आणि मग चीर उमटते. तोवर हात प्लास्टरमध्ये ठेवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा.

इथेच घोडे अडते. पहिला फोटो ‘नॉर्मल’ आला की तरुण पोरगा मलम लावून कामाला लागतो. पंधरा दिवसांनी परत येण्यासाठी त्याला मजुरी बुडवावी लागते, आणि दुखणेही तोवर सोसण्याइतके झालेले असते. स्कॅफॉइडला रक्त बोटांकडच्या टोकातून येते आणि उलट दिशेने वाहते. मधोमध मोड झाली की रेडियसकडच्या तुकड्याचे रक्त तुटते, हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतो. काही वर्षांनी तिशीतल्या माणसाच्या मनगटात म्हाताऱ्याचा सांधेवात दिसतो. एमआरआयमध्ये ही मोड पहिल्या आठवड्यातच कळते, सीटीत तुकडे किती सरकले ते कळते. पण त्यासाठी भुसावळ किंवा जळगाव गाठावे लागते. प्रत्येक मुरगळलेल्या मनगटाला एमआरआय परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. खळग्यावर दाबणारे बोट आणि दुसऱ्या तारखेचा साधा एक्स-रे तालुक्याच्या गावीही मिळतो.

मुलांचे मनगट वाचणे हे वेगळेच शास्त्र. नवजात बाळाच्या फोटोत त्या आठांपैकी एकही छोटे हाड दिसत नाही, कारण ती सगळी कूर्चेची असतात आणि वयाप्रमाणे एकेक उमटत जातात. लांब हाडांच्या टोकाशी वाढीच्या कूर्चेचा काळा पट्टा असतो. नवख्या डोळ्याला तीच मोड वाटते आणि खरी मोड निसटते. मुलांची हाडे कोवळी, ती पुष्कळदा तुटत नाहीत, दबून फुगतात. अशा मोडीला कडक प्लास्टरची गरज नाही, साधी पट्टीही पुरते, हे ब्रिटनमध्ये 965 मुलांवर केलेल्या अभ्यासातून 2022 मध्ये दिसले. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 270 मुलांच्या अभ्यासाने आणखी पुढचे दाखवले. मुलांच्या मनगटाची मोड आधी सोनोग्राफीने तपासली तर एक्स-रेइतकाच चांगला परिणाम मिळतो.

हे वाचून कोणाला वाटेल की मग सोनोग्राफीचे छोटे यंत्र प्रत्येक आरोग्य केंद्रात का नाही? आपल्याकडे ते यंत्र 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली येते. त्याची नोंदणी, जागा, हलवाहलव, सगळ्यावर निर्बंध आहेत. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. असा आकडा ज्या जिल्ह्याने दिला, त्याने या निर्बंधांबद्दल कुरकुर करू नये. मनगटासाठी एक्स-रे पुरेसा आहे.

फोटो वाचणारा माणूस मिळणे ही खरी अडचण. रेडिऑलॉजिस्ट शहरात, रुग्ण खेड्यात. मधला पूल म्हणजे व्हॉट्सॲप. फिल्म खिडकीला धरून मोबाइलने टिपायची आणि ओळखीच्या डॉक्टरला पाठवायची. त्यात खिडकीचे गज दिसतात, काचेची चकाकी येते, कोपऱ्यातली ‘आर’ किंवा ‘एल’ ही खूण कापली जाते आणि डावा-उजवा हात कळेनासा होतो. केसाएवढी चीर अशा चित्रात हरवणारच. डिजिटल यंत्र असेल तर मूळ फाइल मागून घ्यावी. संगणकाची मदतही आता दारात आली आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जानेवारी 2025 मध्ये मोडी शोधणाऱ्या चार प्रणाली तातडीच्या विभागांत डॉक्टरांच्या जोडीला वापरायला हिरवा कंदील दिला. मुंबईची क्यूर डॉट एआय ही 2016 पासूनची कंपनी छातीच्या फोटोतला क्षय ओळखण्यासाठी नावाजलेली आहे, तिनेही हाडांकडे मोर्चा वळवला आहे. चीर दाखवण्यापुरते हे उपयोगी आहे. पण खळग्यावर बोट ठेवून ‘इथे दुखतं का रे?’ असे संगणक विचारत नाही.

हाडवैद्यांना टाळून खान्देशातल्या मोडलेल्या मनगटाची हकिगत पुरी होत नाही. त्यांच्यातल्या जाणत्यांची बोटे कॉलिसच्याच परंपरेतली, हे मी मानतो. पण आत किती तुकडे आहेत आणि मोड सांध्यात शिरली आहे का, हे बोटांना कळत नाही. बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या आणि बोटे निळी किंवा बधिर पडू लागली तर सकाळपर्यंत थांबू नये. पट्टी त्याच क्षणी सोडवावी. प्लास्टरलाही हाच नियम लागू.

आणि पन्नाशीच्या बाईंचे मनगट नुसत्या घसरण्याने मोडले, तर ते जुळले म्हणून विषय मिटत नाही. हाडे ठिसूळ झाल्याची ती बहुधा पहिली खबर असते, पुढची खबर खुब्याच्या हाडातून येते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची चौकशी तेव्हाच करावी. आपल्याकडे घरातले सगळे हात बरा झाला की सुटकेचा श्वास सोडतात आणि आईला पुन्हा स्टुलावर चढवतात.

पैशांपायी फोटो टाळण्याचे कारण आता उरलेले नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा घरात कोणी हातावर पडले तर दोन्ही बाजूंचा फोटो मागा, त्यावर नाव, तारीख आणि डावा-उजवा पाहून घ्या, आणि अंगठ्याखालचा खळगा दुखत असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा जा. जुनी फिल्म टाकून देऊ नका, दुसऱ्या वेळी ती सोबत न्या.