परसातले दोन मधुर उद्योग

अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट संस्थानात फेब्रुवारीची अखेर आली, की जमिनीवर बर्फ तसाच असतानाही हौशी गृहस्थ गिरमीट आणि बादल्या घेऊन रस काढण्यासाठी मेपल वृक्षांच्या राईकडे वळतो. आणि रस आटवण्याचे ते काम एप्रिलच्या आरंभी संपते न संपते तोच परसातील मधपेट्या उघडून, हिवाळ्यातून कोणती वसाहत तगली आणि कोणती गेली, याची पाहणी त्याला सुरू करावी लागते. हे हंगाम एकमेकांच्या आड येत नाहीत ही सोय खरीच. परंतु या दोन उद्योगांचे सख्य त्याहून सखोल आहे. दोहोंतही मनुष्य दुसऱ्या सजीवाने आपल्या निकडीच्या काळासाठी केलेल्या साठ्यातून वाटा उचलत असतो, आणि तो वाटा किती असावा हे ठरवण्याचा विवेक हाच या छंदांचा गाभा होय.

शर्करा-मेपल हा वृक्ष उन्हाळ्यात पानांनी सिद्ध केलेले अन्न पिष्टरूपाने साठवतो. हिवाळा सरता सरता त्या पिष्टाची साखर होते, आणि तिच्यावर पुढील पालवीची मदार असते. रात्री तपमान गोठणबिंदूखाली उतरले, म्हणजे खोडात पाणी ओढले जाते. दिवसाच्या उबेत दाब वाढून तेच पाणी, साखर विरघळवून घेऊन, सालीखाली पाडलेल्या छिद्रातून तोटीवाटे ठिबकू लागते. या रसात साखर शेकडा दोनच्या आसपास असते, म्हणून एक लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. आणि एका छिद्राची साऱ्या हंगामाची प्राप्ती साधारणपणे तेवढीच असते. खोडाचा व्यास १० ते १२ इंच झाल्याखेरीज जाणता मनुष्य झाडाला गिरमीट लावीत नाही, आणि तेवढी वाढ होण्यास बहुधा ४० वर्षे जावी लागतात. छिद्र दोन इंचांहून खोल नेत नाहीत. जखम भरून आली तरी तिच्याभोवतीचे काष्ठ पुन्हा रस वाहत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचे छिद्र जुन्यापासून दूर पाडण्याचा शिरस्ता आहे. कळ्या फुगू लागल्या, की रसाची चव बिघडते आणि हंगाम आपोआप संपतो.

रस आटवण्याची झोपडी पाहताना आपल्याकडील गुऱ्हाळाची आठवण व्हावी: तेच लाकडांचे जळण, तीच उथळ रुंद कढई, तोच छपरातून बाहेर लोटणारा वाफेचा लोट. पाण्याच्या उत्कलनबिंदूहून सुमारे ४ अंश सेल्सिअस वर तपमान गेले, म्हणजे पाक झाला. पण मुरलेला माणूस तापमापकाबरोबर कलथ्याकडेही पाहतो. कलथा वर धरल्यावर द्रव थेंबाथेंबाने न गळता कडेशी एकवटून रुंद पापुद्र्याने लोंबू लागला, की क्षणाचाही विलंब न करता कढई उतरवावयाची, कारण त्यानंतर पाक करपण्यास वेळ लागत नाही. ही विद्या मूळची अबेनाकी, अनिशिनाबे आदी उत्तर अमेरिकेतील आद्य रहिवाशांची. युरोपीय वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून घेतली. पुढे १९३२ साली शहर सोडून व्हरमाँटमध्ये आलेल्या हेलन आणि स्कॉट निअरिंग या उभयतांनी आपली रोख पैशाची गरज याच पाकावर भागवली आणि १९५० साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

मधपेटीची कैफियत मात्र उलटी आहे. मधमाशी अमेरिकेत १६२२ साली व्हर्जिनियात जहाजाने आली. पोळे मोडल्यावाचून मध काढण्याची तजवीज १८५१ साली लॉरेंझो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाला सुचली: चौकटींमध्ये सुमारे ६ ते ९ मिलिमीटर अंतर ठेवले, तर माशा ती वाट न राळेने बुजवतात, न मेणाने भरतात, म्हणून प्रत्येक चौकट सुटी उचलता येते. येथे आटवण्याचे काम माशाच करतात. पुष्परसात बहुतांश पाणी असते. पंखांच्या अखंड वाऱ्याने ते शेकडा अठराच्या आसपास उतरले, की घराघरावर मेणाचे झाकण बसते. झाकणे न बसलेली चौकट आडवी धरून झटका दिला आणि थेंब उडाले, तर तो मध कच्चा. तो काढल्यास आंबतो. पिकलेला मधही सर्वच्या सर्व आपला नव्हे: व्हरमाँटसारख्या प्रदेशात हिवाळ्याकरिता वसाहतीपाशी २५ ते ४० किलो मध राहू द्यावा लागतो. १९८७ पासून अमेरिकेत पसरलेल्या व्हरोआ या परोपजीवी कोळिकेची तपासणी चुकवणाऱ्याच्या हाती वसंतात बहुधा रिकामी पेटीच येते. विशेष हे, की हिमकाळानंतर माशांना मिळणाऱ्या पहिल्या परागात तांबड्या मेपलच्या फुलांचा भाग मोठा असतो. म्हणजे मेपलची राई राखणे हे पेट्याही राखणेच होय.

महाराष्ट्रात मेपल नाही. परंतु मधपेटीची परंपरा आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरजवळील मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. आपली सातेरी माशी आकाराने लहान, तिची पेटीही लहान, चौकटींमधले अंतरही कमी. तिचा टंचाईचा काळ हिवाळा नसून पावसाळा आहे: जांभूळ आणि हिरड्याचा बहर ओसरला, की धो धो पावसात तिला बाहेर पडता येत नाही. म्हणून परसात पेटी ठेवू इच्छिणाऱ्याने व्हरमाँटकडून घ्यावयाचा नियम हाच, की आषाढ-श्रावणाची बेगमी आधी मोजून बाजूस ठेवावी आणि उरेल त्यालाच आपले उत्पन्न म्हणावे. पहिल्या वर्षी काहीच उरले नाही, तरी वसाहत धडधाकट राहिली एवढ्यावर समाधान मानावे. कारण दुसऱ्या वर्षीचा मध त्या जिवंत वसाहतीनेच द्यावयाचा असतो.