गुमास्त्याचे काम आणि त्याची जबाबदारी

दुकान म्हणजे माल देणे आणि पैसे घेणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. दुकानात नोकरी करणाऱ्या माणसाकडेही आपण त्याच दृष्टीने पाहतो. ‘अमक्याचा मुलगा कुठेसा दुकानात असतो,’ असे आपण म्हणतो. तो तेथे नेमके काय करतो, हे विचारण्याची गरज आपणांस वाटत नाही. वसमतसारख्या बाजारपेठेच्या गावी तरी ती वाटावी, एवढ्यासाठी हा विषय आम्ही निवडला आहे.

महाराष्ट्रात दुकानाच्या नोंदणीच्या दाखल्याला लोक आजही ‘गुमास्ता’ म्हणतात. वास्तविक गुमास्ता म्हणजे दुकानातील नोकर. त्याचे कामाचे तास आणि त्याची साप्ताहिक सुटी यांना बंधन घालणारा कायदा 1948 साली झाला, म्हणून त्या कायद्याला त्याचे नाव मिळाले. 2017 साली त्याच्या जागी नवा कायदा आला. पुढे ते नाव मालकाच्या भिंतीवरील चौकटीत जाऊन बसले, आणि ज्याचे नाव तो मात्र उभाच राहिला! उभे राहण्याच्या या गोष्टीकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

जुन्या पेढीवर मालक गल्ल्यापाशी, मुनीम कीर्दीपाशी आणि गडी तागडीपाशी, अशी वाटणी असे. फळीवरच्या मालाला गिऱ्हाईक हात लावीत नसे. 1916 साली अमेरिकेत मेम्फिस शहरी क्लॅरेन्स साँडर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देऊन, ‘हवे ते तुम्हीच उचला,’ असे सांगितले. आता तालुक्याच्या गावांतही लोक या पद्धतीला सरावले आहेत. तीमुळे नोकराचे काम संपले, असे मात्र नव्हे. ते फुटून त्याची अनेक कामे झाली. आलेला माल उतरवून घेणे, बीजकाशी ताडून पाहणे, फळीवर लावणे, किमतीची चिठ्ठी डकवणे, बिल करणे, रात्री गल्ला मोजणे, ही ती कामे होत. मोठ्या दुकानात त्यांना सहा माणसे असतात. आपल्याकडे बहुधा ती एकाच मुलाच्या किंवा मुलीच्या अंगावर पडतात.

यांतील प्रत्येक काम दिसते क्षुल्लक. पण त्याचा परिणाम समोर नसलेल्या कोणाला तरी भोगावा लागतो. बिस्किटांचे नवे पुडे पुढे आणि जुने मागे लावले, तर मुदत उलटलेला पुडा एखाद्या पोराच्या पोटात जातो. म्हणून जुनी तारीख पुढे, हा फळी लावण्याचा पहिला नियम. इलेक्ट्रॉनिक काट्याची सरकारी फेरतपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी लागते. ती मालकाची जबाबदारी. पण पेढे तोलताना खोक्याचे वजन पेढ्यांत धरले जाणार नाही, हे पाहणे तोलणाऱ्याच्या हाती असते. पंचवीस ग्रॅमचे खोके पेढ्यांच्या भावाने विकले गेले, तर गिऱ्हाइकाला ते कळतही नाही.

परंतु वसमतच्या दृष्टीने सर्वांत भारी काम आम्हांला बिल लिहिण्याचे वाटते, आणि तेही बी-बियाण्याच्या दुकानात. वसंतात हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन मोंढ्यात येते. तिच्या पैशांतून घरची देणी भागतात, लग्ने उरकतात आणि उरलेल्यातून जूनचे बियाणे घ्यावे लागते. मृगाच्या तोंडावर दुकानापुढे रेटारेटी होते, अशा वेळी बिल लिहिणारा नुसते ‘सोयाबीन, दोन पिशव्या’ एवढेच लिहून मोकळा होतो. पिशवीवर वाण, लॉट क्रमांक आणि मुदत छापलेली असते. ती बिलावर उतरवण्यास फार तर मिनिटभर लागेल. हे मिनिट कशासाठी, ते 2020 च्या खरिपाने दाखवून दिले. सोयाबीन उगवलेच नाही, अशा तक्रारी त्या वर्षी मराठवाड्यातून इतक्या आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्यांची दखल घेतली. अशा वेळी पेरलेले बी त्याच लॉटचे होते, हे शेतकऱ्याला दाखवावे लागते, आणि त्याचा मुख्य आधार ते बिल असते. ते अपुरे असेल तर शेतही गेले आणि तक्रारही गेली. बिल लिहिणाऱ्या मुलाला हे कोणी समजावून सांगितलेले असते काय? बहुधा त्याला एवढेच सांगितलेले असते, की हात चालव.

आता दुसरी बाजू पाहू. माल घेऊन आलेला टेम्पोवाला घाईत असतो. दहा खोकी मोजायची, तर मालक आतून ओरडतो, ‘सही कर आणि सोड त्याला.’ मुलगा सही करतो. महिनाअखेर माल मोजला, की दोन खोकी कमी भरतात आणि त्यांची किंमत मुलाच्या पगारातून कापली जाते. ही रीत अनेकांना स्वाभाविक वाटते. कायद्याला ती तशी वाटत नाही. 1936 च्या वेतन कायद्यात हे तत्त्व होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही ते कायम आहे: माल किंवा रोकड त्या नोकराच्या हवाली स्पष्टपणे केलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीहून अधिक असता कामा नये, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. मोजण्याची सवड ज्याला दिली नाही, त्याच्या हवाली माल केला असे कसे म्हणावे? गल्ल्याचेही तेच. एका गल्ल्यावर दिवसभरात चार हात पडत असतील, तर रात्री कमी भरलेल्या शंभर रुपयांचा जाब एकाला विचारणे हा निव्वळ अन्याय आहे. पाळी बदलताना दोघांनी मिळून रोकड मोजावी आणि वहीत दोघांनी सह्या कराव्यात, एवढ्याने हे भांडण मिटते. त्याला खर्च काही नाही.

राहिली उभे राहण्याची गोष्ट. इंग्लंडात 1899 साली, दुकानातील दर तीन स्त्री-नोकरांमागे एक तरी बैठक असावी, असा कायदा झाला. आपल्या देशात केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली दुकानातील नोकरांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. केरळात हे घडले ते कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांनी चळवळ केल्यामुळे. ‘नोकर बसलेला दिसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?’ ही शंका आपल्याकडील दुकानदार काढतात. गिऱ्हाईक म्हणजे आपणच की! भर उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार बाजारात चिटपाखरू नसते. तेवढा वेळ काउंटरमागे एक स्टूल असावे आणि त्यावर बसलेली मुलगी आपण आत शिरताच दचकून उठू नये, एवढे वसमतच्या दुकानदारांनी मनात आणले तर याच मोसमात होण्यासारखे आहे.