शिरोरेषा तुटू नये म्हणून

टोकियोच्या कोतो प्रभागात बरीच भारतीय कुटुंबं राहतात. तिथल्या कुणाला गणेशोत्सवाचं संकेतस्थळ मराठी-जपानीत करायचं असेल, तर २०१३ साली आलेला ‘ह्यूगो’ हा संकेतस्थळं बनवणारा प्रोग्रॅम फार सोयीचा. तो पानं आधीच तयार करून ठेवतो, डेटाबेस लागतच नाही. थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाचा तयार साचा, ‘थीम्स’ फोल्डरमध्ये ठेवायची, तिचं नाव सेटिंगच्या फाइलीत लिहायचं. थीमच्या मूळ फाइलींना मात्र हात लावू नका! हवी ती फाइल त्याच नावानं आपल्या ‘लेआउट्स’मध्ये कॉपी करून बदला. ह्यूगो आधी तीच उचलतो.

खरी कसोटी अक्षरांची. इंग्रजीसाठी बेतलेल्या काही थीममध्ये शीर्षकाची अक्षरं सुटी-सुटी मांडतात. तिथे ‘गणेशोत्सव’ लिहिलं की शिरोरेषाच तुटते. अक्षरांमधलं ते अंतर शून्य करा आणि ओळींमधलं वाढवा, म्हणजे ‘आर्थिक’मधला रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडणार नाही.