आकृती आणि पार्श्वभूमी : पाहण्यामागील मेंदूचे कार्य

आपल्या राष्ट्रध्वजावरील अशोकचक्रात आरे किती, असे विचारले तर शाळकरी मूलही '२४' असे उत्तर देते. पण दोन आऱ्यांमधील मोकळ्या जागेचा आकार कागदावर काढून दाखवा म्हटले, तर मोठी माणसेही थबकतात. वास्तविक आरे जितके तितक्याच त्या मोकळ्या जागा, आणि दोहोंना विभागणारी कडही एकच. तरीही आऱ्याला आकार असतो व मधली जागा नुसतीच जागा राहते. मानसशास्त्रात यालाच आकृती आणि पार्श्वभूमी यांचा प्रश्न म्हणतात. तो दिसतो तितका किरकोळ नाही.

डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, समोरच्या दृश्याची प्रतिमा पडते. तेथून प्रत्येक डोळ्यामागे सुमारे १० लाख तंतूंची एक जुडी मेंदूकडे जाते. मात्र त्या प्रतिमेत कमी-अधिक उजेड आणि रंग याखेरीज काही नसते. 'येथे पिंपळाचे पान संपले व आकाश सुरू झाले' अशी पाटी तेथे कोणी लावलेली नसते. ही वाटणी मेंदूलाच करावी लागते, आणि ती तो आपल्याला न विचारता करतो.

डेन्मार्कमधील मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन (१८८६-१९५१) यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्यांचे फुलदाणीचे चित्र आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. विद्यार्थी मित्रांनी ते स्वतः करून पाहावे. काळ्या कागदाची मधोमध घडी घालावी. उघड्या बाजूकडून माणसाच्या चेहऱ्याची कड अशी कापावी की नाक घडीकडे वळलेले राहील. घडीकडचा तुकडा उलगडून तेवढ्याच रुंदीच्या पांढऱ्या कागदावर चिकटवावा. मध्ये काळी फुलदाणी दिसेल. थोडे टक लावून पाहिले की ती नाहीशी होऊन समोरासमोर आलेले दोन पांढरे चेहरे दिसतील. कागद तोच, कड तीच. परंतु एका क्षणी ती कड फुलदाणीच्या मालकीची असते, तर दुसऱ्या क्षणी चेहऱ्यांच्या. दोघांची एकाच वेळी होत नाही. जी बाजू पार्श्वभूमी ठरते ती आकृतीच्या मागून तशीच पसरत गेली आहे असे वाटते. तिला स्वतःचा आकार उरत नाही.

रुबिन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अर्थहीन आकारांची चित्रे लोकांना दाखवून नंतर पुन्हा तीच चित्रे समोर ठेवली, परंतु या वेळी पूर्वीची पार्श्वभूमी आकृती म्हणून पाहावयास लावली, तर ते चित्र लोकांना सहसा ओळखता येत नसे. म्हणजे जे पार्श्वभूमी म्हणून पाहिले गेले त्याचा आकार स्मरणातही टिकला नाही. शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाला या निष्कर्षाचा दुसरा अर्थ चटकन जाणवेल. तथापि उपमा वेगळी आणि प्रयोग वेगळा, याचे भान ठेवून पुढे जाऊ.

मेंदू ही निवड कशावरून करतो? जो भाग लहान आहे, चहूबाजूंनी वेढलेला आहे, बाहेर फुगीर आहे, दोन्हीकडे सारखा आहे किंवा दृश्याच्या खालच्या अंगाला आहे, तो बहुधा आकृती ठरतो. ओळखीची वस्तू असेल तर तिचे पारडे आणखी जड होते. समष्टिवादी मानसशास्त्राचे एक प्रवर्तक माक्स वेर्थायमर यांनी १९२३ साली सुटे ठिपके व रेषा एकत्र कशा बांधल्या जातात याचे नियम मांडले. (ज्यू असल्यामुळे याच विद्वानाला हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागली.) त्यांतील एक नियम कोकणातल्या माणसाला सांगावा लागत नाही. पाचोळ्यात स्वस्थ पडलेले फुरसे समोर असून दिसत नाही. पण ते हलले की अंगावरच्या साऱ्या खुणा एकदम एका दिशेने सरकतात आणि पाचोळ्यातून साप वेगळा होतो. जे एकत्र हलते ते एक, असा तो नियम होय.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरली आहेत. धडे चार, परंतु डोके एकच. कोणत्याही एका हरणाकडे पाहा, ते डोके त्याचेच वाटते. दुसऱ्याकडे नजर वळवताच ते त्याचे होते. अनेक मार्गदर्शक हा चमत्कार म्हणून दाखवतात. चमत्कार त्यात नाही. एक भाग एका वेळी एकाच आकृतीच्या पदरात टाकण्याची मेंदूची सवय त्या शिल्पींनी अचूक हेरली होती.

या सवयीचा माग आता चेतापेशींपर्यंत लागला आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रूडिगर फॉन डर हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेले प्रयोग २००० साली प्रसिद्ध केले. मेंदूतील एकेक चेतापेशी दृश्याचा अगदी लहानसा तुकडाच पाहते. त्या तुकड्यात एकच कड ठेवायची, परंतु कधी ती डावीकडच्या चौकोनाची उजवी बाजू असेल, तर कधी उजवीकडच्या चौकोनाची डावी बाजू. पेशीपुढे दोन्ही वेळा नेमके तेच असते. तरीही दृष्टीच्या कामाच्या दुसऱ्या टप्प्यातील निम्म्याहून अधिक पेशींचा प्रतिसाद कड कोणाच्या मालकीची यावर बदलत होता. चौकोन एका बाजूला असता पेशी जोराने चेतत असे, दुसऱ्या बाजूला असता मंद. हा फरक सेकंदाच्या काही शतांश भागातच उमटत होता. आपण 'विचार' म्हणतो ती क्रिया सुरू होण्याच्या आतच वाटणी बरीचशी उरकलेली असते.

येथे धम्माच्या अभ्यासकांना मज्झिमनिकायातील मधुपिंडिक सुत्ताची आठवण होईल. चक्षू आणि रूप यांच्यामुळे चक्षुविज्ञान, तिघांच्या एकत्र येण्याने स्पर्श, त्यातून वेदना, मग संज्ञा, मग वितर्क आणि शेवटी प्रपंच, असा क्रम महाकच्चायनांनी तेथे उलगडून सांगितला आहे. त्या सुत्तात चेतापेशी शोधण्याचा अट्टहास मात्र कोणी करू नये. तो बुद्धाचाही गौरव नव्हे आणि विज्ञानाचाही. इतके खरे की पाहणे ही कारणांनी घडणारी क्रिया आहे, हे दोन्हीकडे मान्य आहे. तसेच फुलदाणीच्या चित्रात अवधान मुद्दाम वळवून चेहरे पुढे आणता येतात, म्हणजे मेंदूची पहिली निवड अखेरची नसते.

ही विद्या जन्मतःच पूर्ण मिळते काय? याचे उत्तर आपल्याच देशातून आले. पवन सिन्हा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत 'प्रकाश' प्रकल्प सुरू केला. जन्मजात आंधळेपण असूनही उपचार होऊ शकतात अशा मुलांना दृष्टी मिळवून द्यायची आणि ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा, असे त्याचे स्वरूप. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिघेजण होते. दोघा मुलांचे मोतीबिंदू काढले होते, तर तिशीच्या आसपासच्या एका पुरुषाच्या डोळ्यांत जन्मापासून भिंग नव्हते व त्याला प्रथमच चष्मा मिळाला होता. एकमेकांवर चढलेले दोन चौकोन दाखवले तर त्यांना तीन तुकडे दिसत. छायाचित्रात जेथे जेथे रंग किंवा उजेड बदले तेथे तेथे त्यांना नवी वस्तू वाटे. डोळे उघडले होते, पण आकृती सुटी होत नव्हती.

आपल्या वस्त्यांमध्ये बाळाच्या बाहुलीत पांढरट डाग दिसला तरी 'मोठे झाल्यावर पाहू' म्हणून गोष्ट पुढे ढकलली जाते. जन्मजात मोतीबिंदूचा उपचार पहिल्या काही आठवड्यांत व्हावा लागतो, कारण दरम्यान मेंदूची घडण थांबून राहत नाही. शिवाय अशा डागामागे याहून गंभीर रोगही असू शकतो. तो दिसताच बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे नेले पाहिजे. उशीर झालेल्यांनीही आशा सोडण्याचे कारण नाही. त्या तिघांना स्थिर चित्रातला आकार ओळखता येत नसे, पण तोच आकार हलवून दाखवला की ते चटकन ओळखत, फुरशासारखाच. आणि वर्ष-दीड वर्षाच्या अवधीत, पाहता पाहता, त्यांना न हलणाऱ्या वस्तूही बऱ्याच अंशी वेगळ्या काढता येऊ लागल्या.