स्मृतिभ्रंशात साखर किती आवळायची?

मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांत ७ टक्क्यांखाली ठेवतात. स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांत हा दंडक सैल करावा लागतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन त्यांच्यासाठी ८ टक्क्यांखालचे उद्दिष्ट सुचवते. स्मृतिभ्रंश पुढे गेला असेल तर आकडा सोडून साखर घसरू न देण्यावर भर देते. साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमखाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. रुग्णाला ते सांगता येत नाही, घरच्यांना तो गोंधळ नेहमीचाच वाटतो. सकाळी इन्सुलिन टोचले आणि पोह्यांची बशी तशीच राहिली, किंवा विसरून दुसऱ्यांदा टोचले, साखर घसरायला एवढेही पुरते. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांचा परिणाम तर दिवसभर रेंगाळतो. (एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी घसरत नाही.)

वाढलेल्या साखरेने डोळे, मूत्रपिंडे बिघडतील, हा आक्षेप खराच. पण त्याला वर्षे लागतात, घसरलेली साखर काही तासांत जिवावर बेतते. मधुमेहींवरच्या ‘अकॉर्ड’ चाचणीत ६ टक्क्यांखालचे लक्ष्य दिलेल्या गटात मृत्यू जास्त आढळले, म्हणून २००८मध्ये चाचणीतला कडक नियंत्रणाचा भाग थांबवला गेला. ती चाचणी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी नव्हती, तरी कडक नियंत्रण नेहमीच सुरक्षित नसते एवढे त्यातून दिसते. मात्र सैल म्हणजे मोकाट नव्हे. सतत तहान, वारंवार लघवी, कोरडी पडलेली जीभ दिसली तर डॉक्टरांना गाठावेच. शरीरातले पाणी कमी झाल्यानेही गोंधळ वाढतो.